कमावलेलं शरीर आणि दुखरी कंबर : स्टेरॉईडच्या इतिहासातली लपवाछपवी

 

आजचा विषय एका प्रश्नातून आला. इंदूरला एक व्याख्यान संपलं, लोक पांगले, तरी एक तरुण मागे थांबून राहिला. वय चोवीस-पंचवीस. खांदे भरलेले, दंड शर्टाच्या बाहीत मावत नव्हते. म्हणाला, "सर, डेडलिफ्ट मारताना दुसऱ्या-तिसऱ्या सेटला माझी कंबर दगडासारखी होते. उभं राहवत नाही. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एक्स-रे काढला आणि स्नायू ताणलाय म्हणून सांगितलं." मी विचारलं, "काही घेतोस का?" थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "गोळ्या चालू आहेत. मध्ये इंजेक्शनंही झाली." "डॉक्टरांना सांगितलंस?" "नाही सर. त्यांना यातलं काय कळतं?"

मी इतिहासाचा माणूस, डॉक्टर नव्हे. त्याच्या कमरेत काय झालंय हे मी सांगू शकत नव्हतो. पण त्याचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण "डॉक्टरांना यातलं काय कळतं?" हे वाक्य त्या मुलाचं एकट्याचं नाही. त्याला साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे. जगभरच्या जिममध्ये ते वाक्य बोललं गेलं आहे, आणि तसं बोलायला डॉक्टरांनी, व्यापाऱ्यांनी आणि सरकारांनी कारणंही दिली आहेत. आज ती गोष्ट सांगतो. कंबर तिच्यात पुन्हा पुन्हा येईल.

कोंबडा, बैल आणि पोलिसांची लघवी

पुरुषाचं बळ वृषणांत असतं हा समज फार जुना. सुश्रुतसंहितेतल्या वाजीकरणाच्या भागात बोकडाच्या वृषणांचा उल्लेख आहे. पण त्याची पहिली नेटकी परीक्षा झाली १८४९ साली, जर्मनीतल्या गॉटिंगनमध्ये. आर्नोल्ड बर्टोल्ड या संशोधकाने सहा कोंबडे घेतले आणि त्यांचे वृषण काढले. काहींच्या पोटात वृषण पुन्हा बसवले. ज्यांना ते परत मिळाले त्यांचा तुरा लाल राहिला, ते आरवले, भांडले. बाकीचे मलूल झाले. म्हणजे वृषणातून रक्तात काहीतरी उतरतं आणि ते साऱ्या शरीरावर काम करतं.

पुढे १८८९ मध्ये पॅरिसला ब्राऊन-सेकार नावाच्या बहात्तर वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि भर सभेत जाहीर केलं की आपल्याला तरतरी आली, ताकद वाढली. आज आपल्याला माहीत आहे की त्या पाण्यासारख्या अर्कात संप्रेरक नगण्यच असणार. तरतरी आली ती मनाला. पण हे लक्षात ठेवा, की या औषधाच्या इतिहासाची सुरुवातच "मी स्वतः टोचून पाहिलं आणि मला फरक पडला" या वाक्याने झाली. आजही जिममध्ये हाच पुरावा चालतो.

खरा पदार्थ हाती यायला १९३० चं दशक उजाडलं. १९३१ मध्ये आडोल्फ बुटेनांट यांनी पोलिसांची हजारो लिटर लघवी जमा करून तिच्यातून अँड्रोस्टेरॉन नावाच्या संप्रेरकाचे काही मिलिग्रॅम वेगळे काढले. १९३५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या अर्न्स्ट लाकर यांच्या गटाने बैलांच्या वृषणांतून त्याहून प्रभावी पदार्थ मिळवला आणि त्याला नाव दिलं टेस्टोस्टेरॉन. सुमारे शंभर किलो वृषणांतून हाती आले दहा मिलिग्रॅम. त्याच वर्षी बुटेनांट आणि झुरिकचे लिओपोल्ड रुझिच्का यांनी ते कोलेस्टेरॉलपासून प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं.

१९३५ मध्येच अमेरिकेत चार्ल्स कोचाकियन यांना दिसलं की असं संप्रेरक दिलं की शरीर नायट्रोजन धरून ठेवतं, म्हणजे प्रथिनं साठवतं, म्हणजेच मांस बांधतं. 'ॲनाबॉलिक' या शब्दाचा अर्थ तोच, बांधणारा. आजारपणाने खंगलेल्यांसाठी, भाजलेल्यांसाठी, रक्त कमी असलेल्यांसाठी हे औषध उपयोगाचं होतं आणि काही ठिकाणी आजही आहे. तेव्हा पदार्थ मुळात वाईट नव्हता. गोष्ट बिघडली ती पुढे.

व्हिएन्नाहून यॉर्कला

१९५४ साली व्हिएन्नात भारोत्तोलनाची जागतिक स्पर्धा होती. अमेरिकन संघाबरोबर जॉन झिगलर नावाचे डॉक्टर गेले होते. सोव्हिएत खेळाडूंना टेस्टोस्टेरॉन दिलं जातं, असं त्यांना तिथे सोव्हिएत गोटातून कळलं, ही हकीकत त्यांनी पुढे सांगितली. शीतयुद्धाचे दिवस होते. रशियन पुढे जातायत म्हटल्यावर आपणही मागे राहायचं नाही. १९५८ मध्ये सिबा या औषधकंपनीची 'डायनाबॉल' नावाची गुलाबी गोळी अमेरिकेत बाजारात आली आणि झिगलर यांनी पेनसिल्वेनियातल्या यॉर्क बारबेल क्लबच्या काही निवडक खेळाडूंना ती देऊन पाहिली.

या क्लबचे मालक बॉब हॉफमन वजनं आणि व्यायामाचं साहित्य विकत, मासिकही चालवत. त्याच काळात झिगलर यांनी खेळाडूंना एक नवी पद्धतही शिकवली होती. लोखंडी चौकटीत दांडा अडकवायचा आणि न हलणाऱ्या त्या दांड्यावर सगळी ताकद लावायची. हिला आयसोमेट्रिक व्यायाम म्हणतात. बिल मार्च, लुई रीकी या खेळाडूंची वजनं झपाट्याने वाढली. मासिकात छापून आलं की ही किमया चौकटीची. चौकटी धडाधड खपल्या. गोळीचं नाव कुणी घेतलं नाही.

विचार करा, त्या काळी एखाद्या गावातल्या पोराने पैसे साठवून ती चौकट मागवली असेल. वर्षभर जीव तोडून दांड्याला रेटलं असेल. छापलेलं यश आलं नाही तेव्हा त्याने काय केलं असेल? आणखी जोर लावला असेल. आणि पाय जमिनीत रोवून न हलणाऱ्या दांड्याला रेटताना सगळ्यात आधी बोलते ती कंबर.

काही वर्षांत गुपित फुटलंच. मग खेळाडूंनी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेच्या कितीतरी पट गोळ्या खायला सुरुवात केली. झिगलर हादरले, बाजूला झाले, आणि आपण हे सुरू केलं याचा पश्चात्ताप त्यांनी पुढे उघड बोलून दाखवला. पण तोवर गोळी क्लबमधून शरीरसौष्ठवाच्या व्यायामशाळांत पोहोचली होती. या लपवाछपवीतली पहिली फसवणूक ही, व्यापाऱ्याची. औषधाचं श्रेय साहित्याला दिलं गेलं.

मागे झुकणाऱ्या पाठी

१९५० आणि ६० च्या दशकांत ऑलिंपिक भारोत्तोलनात तीन प्रकार होते. स्नॅच, क्लीन अँड जर्क, आणि तिसरा क्लीन अँड प्रेस. या तिसऱ्यात वजन खांद्यावर घ्यायचं आणि सरळ उभं राहून फक्त हातांच्या बळावर डोक्यावर न्यायचं. निदान नियम तसा होता. पण वजनं वाढत गेली तसे खेळाडू मागे झुकू लागले. छातीचं बळ मिळावं म्हणून कंबर धनुष्यासारखी वाकवायची आणि आडवं पडून दाबल्यासारखं वजन ढकलायचं. पंचांना किती झुकलेलं चालेल हे ठरवता येईना. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर हा प्रकारच काढून टाकला. पंचांची अडचण हे मोठं कारण होतं, आणि कमरेला होणारी इजा हेही.

कमरेत नेमकं काय होतं? मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक चिंचोळा दुवा असतो. कंबर पुन्हा पुन्हा मागे वाकवून तिच्यावर भार दिला की त्या दुव्याला केसासारखी चीर जाते. याला स्पाँडिलोलायसिस म्हणतात. सर्वसाधारण लोकांत हे शंभरात पाच-सहा जणांना असतं. १९७० च्या सुमारास जपानी डॉक्टरांनी भारोत्तोलकांच्या एका लहान गटाचे एक्स-रे तपासले, तेव्हा त्यांच्यात ते प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास निघालं.

आता नीट ऐका. ही चीर स्टेरॉईडने पाडली असं मी म्हणत नाही. ती भाराने पडते. स्टेरॉईड न घेणाऱ्यालाही पडते, गोलंदाजांना पडते, जिम्नॅस्टना पडते. पण भार कुणी वाढवला? माणसाचा स्नायू ज्या वेगाने वाढायला हवा त्याहून जास्त वेगाने तो वाढला, म्हणून तो जास्त वजन उचलू लागला. हाड, कंडरा आणि मणक्यांमधली गादी मात्र आपल्या जुन्याच चालीने चालत राहिली.

गादीचं उदाहरण घ्या. प्रौढ माणसाच्या शरीरातला रक्तवाहिन्या नसलेला सगळ्यात मोठा भाग म्हणजे ही गादी. तिला रक्त थेट मिळत नाही, शेजारच्या हाडातून झिरपून येणाऱ्या पोषणावर ती जगते. स्नायू आठवड्यांत बदलतो, गादीला महिने आणि वर्षं लागतात. गोळी स्नायूला घाई करायला लावते. गादीला घाई करता येत नाही.

'याचा उपयोगच होत नाही'

आता या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. १९६० आणि ७० च्या दशकांत व्यायामशाळांत सगळ्यांना दिसत होतं की गोळी घेणारा फुगतोय आणि वजनंही उचलतोय. डॉक्टर मंडळी मात्र सांगत होती की हा भ्रम आहे. शरीरात पाणी साठतं, मनाला वाटतं, बाकी काही नाही. १९७७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या मान्यवर संस्थेने अधिकृत भूमिका घेतली की स्टेरॉईडमुळे खेळातली कामगिरी सुधारते याचा निर्णायक पुरावा नाही.

हेतू चांगला असेल. तरुणांनी या वाटेला जाऊ नये असंच त्यांना वाटत असणार. पण परिणाम काय झाला? रोज आरशात फरक पाहणाऱ्या माणसाला डॉक्टर सांगतो, 'तुला दिसतंय ते खोटं आहे.' मग तोच डॉक्टर पुढच्या वाक्यात म्हणतो, 'यकृत बिघडेल, हृदय बिघडेल.' पहिलं वाक्य खोटं निघालं की दुसऱ्यावर कोण विश्वास ठेवील? व्यायामशाळेने डॉक्टरांवरचा विश्वास काढून घेतला. औषधाचं ज्ञान दवाखान्यातून उठून लॉकर रूममध्ये गेलं. कोणती गोळी, किती, कशाबरोबर, दुखलं तर काय, ही सगळी विद्या कानोकानी चालू लागली.

१९८० च्या दशकात त्या संस्थेने भूमिका बदलली. आणि १९९६ मध्ये भारतीय वंशाचे डॉक्टर शलेंदर भसीन यांच्या गटाने तो वाद कायमचा मिटवला. ४३ निरोगी पुरुष, चार गट, दहा आठवडे. काहींना शरीर स्वतः बनवतं त्याच्या अनेक पट टेस्टोस्टेरॉन, काहींना बनावट इंजेक्शन. काहींनी व्यायाम केला, काहींनी नाही. ज्यांनी इंजेक्शनही घेतलं आणि व्यायामही केला त्यांचं चरबी सोडून उरलेलं वजन सरासरी सहा किलोंनी वाढलं. नुसता व्यायाम करणाऱ्यांचं दोन किलोंच्या आसपास. आणि व्यायाम न करता फक्त इंजेक्शन घेणाऱ्यांचं तीन किलोंच्या वर.

व्यायामशाळेचं म्हणणं खरं निघालं. पण त्याच प्रयोगातला एक आकडा कमरेच्या बाजूने वाचून बघा. इंजेक्शन आणि व्यायाम या गटाचं स्क्वॉटचं वजन दहा आठवड्यांत सरासरी ३८ किलोंनी वाढलं. म्हणजे अडीच महिन्यांपूर्वीच्याच गाद्यांवर, त्याच कंडरांवर ३८ किलो जास्त. कंडरांचा हिशोब पुढे २०१५ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसला. दीर्घकाळ स्टेरॉईड घेतलेल्या वजन उचलणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांची कधी ना कधी कंडरा तुटली होती. न घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं.

राज्याने चालवलेलं गुपित

व्यापारी लपवत होता, डॉक्टर नाकारत होता. तिसरी बाजू सरकारची. पूर्व जर्मनीत १९७४ पासून खेळाडूंना स्टेरॉईड देण्याची सरकारी गुप्त योजनाच होती. येनाफार्म या सरकारी कारखान्यातली 'ओरल-ट्युरिनाबॉल' ही निळी गोळी हजारो खेळाडूंना दिली गेली. त्यांत शाळकरी मुलीही होत्या. त्यांना सांगितलं जायचं की ही जीवनसत्त्वाची गोळी आहे.

भिंत पडल्यावर जीवशास्त्रज्ञ वेर्नर फ्रांके आणि त्यांच्या पत्नी, माजी खेळाडू ब्रिगिटे बेरेंडोंक यांनी गुप्त कागदपत्रं मिळवली. १९९१ मध्ये बेरेंडोंक यांचं पुस्तक आलं. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मान्फ्रेड ह्योपनर यांना दोषी ठरवलं. नुकसानभरपाईसाठी पुढे आलेल्या खेळाडूंच्या तक्रारींत यकृत आणि हृदयाबरोबर मणक्याचे, सांध्यांचे विकार पुन्हा पुन्हा आढळतात. औषधाच्या बळावर वाढवलेला सराव कोवळ्या हाडांना पेलला नव्हता. आणि वर्षानुवर्षं त्यांच्या डॉक्टरांनी कारण ओळखलं नाही, कारण त्या खेळाडूंना स्वतःलाच ठाऊक नव्हतं की आपण काय घेतलं.

आपल्याकडे काय झालं

आपल्या देशाला शरीर कमावण्याची मोठी परंपरा आहे. युजीन सँडो १९०५ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन खेळ करून गेला, पण त्याचं नाव त्याआधीच पोहोचलं होतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सँडोचं साहित्य मागवून कित्येक वर्षं त्याची पद्धत केली आणि नंतर सूर्यनमस्काराकडे वळून तोच आयुष्यभराचा प्रचार केला. बडोद्याला जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा प्रोफेसर माणिकरावांनी चालवली. माणिकराव व्यायाम शिकवत आणि निखळलेली हाडंही बसवत. बडोद्याच्या श्रोत्यांना हे नव्याने सांगायला नको. शिकवणारा आणि दुखणं पाहणारा माणूस एकच होता. पोरगं आखाड्यात काय करतं, काय खातं हे त्या हाताला ठाऊक असायचं.

बंगालचे मनोहर आइच घ्या. उंची जेमतेम दीड मीटर. ब्रिटिश हवाई दलात असताना गोऱ्या अधिकाऱ्यावर हात उचलला म्हणून तुरुंगात गेले आणि तिथे नेटाने व्यायाम केला. १९५२ मध्ये मिस्टर युनिव्हर्स झाले. डायनाबॉल बाजारात यायला तेव्हा सहा वर्षं अवकाश होता. २०१६ मध्ये वारले तेव्हा वय होतं १०४.

जुनं ते सगळं सोनं असं मला म्हणायचं नाही. तालमीतल्या पैलवानांच्याही कमरा दुखत, गुडघे जात. पण आयुर्वेदात व्यायामाला 'अर्धशक्ती' अशी मर्यादा सांगितली आहे, म्हणजे आपल्या बळाच्या निम्म्यावर थांबायचं. ती मर्यादा शरीर स्वतः सांगतं. दम लागतो, घाम येतो, कंबर आवळते. आजचं औषध नेमकी तीच सूचना बंद करतं.

इथे आपल्याकडचे दोन गोंधळ सांगायला हवेत. पहिला गोंधळ 'स्टेरॉईड' या शब्दाचा. हे एका रासायनिक सांगाड्याचं नाव आहे. त्या कुळात दोन वेगळ्या वृत्तीची औषधं येतात. एक टेस्टोस्टेरॉनच्या जातीचं, बांधणारं. दुसरं कॉर्टिसोनच्या जातीचं, जे १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा दिलं आणि ज्याच्या शोधाला १९५० चं नोबेल मिळालं. दम्याला, संधिवाताला डॉक्टर देतात ते हे. ते जीव वाचवतं, पण बिनहिशेबी, दीर्घकाळ घेतलं तर स्नायू झिजवतं आणि हाडं ठिसूळ करतं. मणका दबून कंबर दुखू लागते, खुब्याचं हाड मरू शकतं. वजन वाढवण्याच्या नावाने मिळणाऱ्या बेनामी पुड्यांत आपल्याकडे डेक्सामेथासोन हे याच जातीचं औषध सापडलेलं आहे. चेहरा भरतो, वजन वाढतं, मुलगा खूश. आतून मणका पोकळ होतो.

दुसरा गोंधळ मेफेंटरमाईनचा. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब पडू नये म्हणून भूलतज्ज्ञ वापरतात ते हे इंजेक्शन. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत ते जिममध्ये चोरून विकताना पकडलं गेलं आहे. ते स्टेरॉईड नाही, स्नायू बांधत नाही. फक्त थकवा झाकतं आणि हृदयाला पळवतं. स्टेरॉईडने वाढलेला भार आणि या इंजेक्शनने झाकलेला थकवा एकत्र आले की कमरेचं कुणी ऐकतच नाही.

एकच दुखणं, अनेक कारणं

आता त्या इंदूरच्या मुलाकडे येऊ. कंबर दगडासारखी होणं याला जिमच्या भाषेत 'बॅक पंप' म्हणतात. तोंडाने घ्यायच्या गोळ्या चालू असताना हे जास्त होतं, असा घेणाऱ्यांचा अनुभव आहे. कमरेचे लांब स्नायू एका चिवट आवरणात गुंडाळलेले असतात. व्यायामात तिथे रक्त भरतं, आणि ही औषधं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात. आवरण ताणत नाही, आतला दाब वाढतो. बहुतेक वेळा थांबलं की उतरतं.

पण कधी कधी उतरत नाही. दाब इतका वाढतो की स्नायूचं रक्तच तुटतं आणि स्नायू मरू लागतो. कमरेच्या स्नायूंत असं होतं हे १९८५ पासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेलं आहे. जड डेडलिफ्टनंतर तासांनी कंबर फळीसारखी टणक होते, वेदना औषधाला दाद देत नाही, लघवी कोलासारखी काळपट होते. मेलेल्या स्नायूचं द्रव्य किडनीत अडकतं. हे तातडीचं दुखणं आहे, शेक घेऊन थांबायचं नाही.

बरगड्यांखाली मागे दुखतं ते किडनीचंही असू शकतं. शिवाय किडनी न दुखताही बिघडते. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टर लील हर्लिट्झ यांच्या गटाने दीर्घकाळ स्टेरॉईड घेतलेल्या दहा शरीरसौष्ठवपटूंच्या किडनीच्या तुकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नऊ जणांच्या किडनीत गाळण्या चट्टे पडून बंद होत होत्या. औषध सोडल्यावर बहुतेकांत सुधारणा दिसली. एकाने पुन्हा सुरू केलं, आजार पुन्हा उलटला. अशा मुलाच्या रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं तर डॉक्टर म्हणू शकतात, 'स्नायू जास्त आहेत म्हणून असेल.' औषधाचं माहीत असेल तर ते लघवीतली प्रथिनंही तपासतील.

टेस्टोस्टेरॉनमुळे रक्त घट्ट होतं, गुठळीचा धोका वाढतो. ढुंगणातलं इंजेक्शन चुकीच्या जागी गेलं तर पायात उतरणारी मोठी नस दुखावते, आणि ते गादी सरकल्यासारखंच दुखतं. सुई किंवा औषध अस्वच्छ असेल तर पू होतो, तो खोल जाऊ शकतो. म्हणून कंबरदुखीबरोबर ताप असेल तर ते नुसतं कंबरदुखणं समजू नये. आणि जांघेच्या आत, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली, दोन्ही पायांतलं बळ गेलं, तर त्याच तासाला इस्पितळ गाठायचं.

आणि या सगळ्यांबरोबर साधा ताण, सरकलेली गादी, हाडाची चीर हेही असतंच. बाहेरून सगळ्यांचं नाव एकच, 'कंबर दुखते'. यातलं कोणतं, हे शोधायला डॉक्टरांना एक माहिती लागते, आणि नेमकी तीच मुलगा घरी ठेवून येतो.

मौन मोडायचं कुणी?

रॉनी कोलमन यांचं नाव जिमला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असेल. १९९८ ते २००५, सलग आठ वेळा मिस्टर ऑलिंपिया. आठशे पाउंडांचा, म्हणजे जवळपास ३६३ किलोंचा स्क्वॉट त्यांनी कॅमेऱ्यासमोर दोनदा मारला. नंतर पाठीवर आणि खुब्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, आणि आता त्यांना कुबड्यांचा, चाकाच्या खुर्चीचा आधार लागतो. त्यांच्या मणक्याचं काय कशामुळे झालं हे बाहेरून कुणी ठरवू नये. पण भिंतीवरच्या पोस्टरमध्ये स्क्वॉट असतो, चाकाची खुर्ची नसते, एवढं मुलांना दाखवायला हवं.

त्या संध्याकाळी मी त्या मुलाला सगळा इतिहास सांगत बसलो नाही. एवढंच म्हणालो की डॉक्टरांना यातलं कळत नव्हतं, ही गोष्ट एके काळी खरी होती. आता ती खरी नाही. तू काय घेतोस हे डॉक्टरांना सांगणं हा गुन्हा नाही, आणि ते गुपित ठेवणं हे त्यांचं कर्तव्य आहे. गोळ्या-इंजेक्शनांच्या रिकाम्या पाकिटांचे फोटो घेऊन जा. एकदम सगळं बंद करतानाही डॉक्टरांना विचार, कारण बाहेरून मिळणाऱ्या संप्रेरकामुळे शरीराने स्वतःचं बनवणं थांबवलेलं असतं. मध्ये काही महिने अंग मोडून येतं, मन खचतं, आणि त्याच काळात पोरं पुन्हा गोळीकडे वळतात.

श्रोत्यांमध्ये डॉक्टर असतील तर त्यांनाही हात जोडून सांगतो. पिळदार मुलगा कंबर धरून आला तर 'काय घेतोस?' हे शांतपणे विचारा. 'फायदा होत नाही' असं सांगू नका, कारण होतो हे त्याने पाहिलंय. फायदा होतो आणि त्याचं बिल कुठे येतं, हे सांगा. आणि घरच्यांनो, मुलाने सांगितलं तर पहिलं वाक्य रागाचं नको.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेला की नाही, मला माहीत नाही. जाताना एवढंच म्हणाला, "सांगून बघतो सर." हॉलच्या पायऱ्या उतरताना त्याचा एक हात कमरेवर होता.

तुमच्या ओळखीत असा कुणी असेल तर हा भाग त्याला ऐकवा.